पाण्यात न सुटणारं तिकीट

मित्रांनो, मी एक टपाल तिकीट आहे. फार जुना नाही, पुरती तीन वर्षंही झालेली नाहीत मला. पण माझा उजवा कोपरा सोलून निघालाय आणि पोटावर पाण्याचा डाग आहे, म्हणून बघणाऱ्याला मी म्हातारा वाटतो. वाटेना का! मी आज रडगाणं गायला बसलेलो नाही. मला राग आलाय. चांगला सणसणीत राग आलाय, आणि तो कुणापुढे तरी ओकल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तुम्ही निदान ऐकून तरी घ्याल. काही मोठी माणसं ऐकत नाहीत, हे मी फार जवळून पाहिलंय.

माझा जन्म नॉर्वे नावाच्या थंड देशातला. आम्ही दहा भावंडं एका गुळगुळीत, मेणचट कागदावर ओळीनं बसलेलो होतो. प्रत्येकाच्या अंगावर तोच निळसर चंदेरी मासा. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. जुन्या तिकिटांच्या पाठीला डिंक असायचा. जीभ लावली की ती चिकटायची, पाण्यात टाकली की डिंक विरघळून सुटायची. आमच्या पाठीला तसला डिंक नाही. तुमच्या वहीवरच्या स्टिकरला असतो तसला चिवट गोंद आहे. कागदावरून सोललं, पाकिटावर दाबलं, की झालं. आम्ही बसलो की बसलो. पाण्याला आम्ही दाद देत नाही, आणि कुणी जबरदस्ती केली तर फाटतो.

मला विकत घेतलं ज्ञानूनं. ज्ञानू उरणजवळच्या मोऱ्याचा कोळ्याचा मुलगा, मालवाहू बोटीवर खलाशी. वय सत्तावीस, अंगानं दांडगा. बंदरावरच्या दुकानातून त्यानं आमचा कागद घेतला, खिशातून बंद केलेलं पाकीट काढलं, मला सोललं आणि सवयीनं माझ्या पाठीला जीभ लावली! मग स्वतःच हसला, तोंड वाकडं करून थुंकला आणि मला अंगठ्यानं असं दाबलं की आजही तो दाब मला जाणवतो. पाकिटावर निळ्या जेलपेननं मोठ्या अक्षरांत मराठीत नाव होतं, श्रीमती पुतळा हिरामण कोळी. खाली इंग्रजीत तिच्या उलव्याच्या घराचा पत्ता. आत काय लिहिलं होतं ते मला ठाऊक नाही. मी यायच्या आधीच पाकीट बंद झालं होतं.

तुम्ही म्हणाल, आजच्या काळात पत्र कशाला? ज्ञानू फोन करतच होता, जमेल तेव्हा. पण त्याच्या आईनं, म्हणजे पुतळानं, त्याला पहिल्या सफरीलाच बजावलं होतं, "फोन ठेवला का तुजा आवाज जातो. मना कागद धाड. कागद डब्यात ऱ्हातो." पुतळाला लिहितावाचता येत नाही. उभा जन्म मासळी विकण्यात गेला. पण शब्दाला पक्की. आणि पोरगाही पक्का. प्रत्येक सफरीत एक पाकीट, नेमानं. माझ्या आधी सहा आली होती, सहा देशांतली, सहा तऱ्हेच्या तिकिटांची. संध्याकाळी भाविका, ज्ञानूची बहीण, बेलापूरच्या ऑफिसातून घरी आली की पुतळा एखादं काढून म्हणायची, "वाच गं परत." भाविका तेच पत्र चौथ्यांदा वाचायची, आणि पुतळा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची.

मी सव्वीस दिवसांनी उलव्याला पोचलो. त्याच्या बऱ्याच आधी फोन पोचला होता. बोट धक्क्याला बांधताना जाडजूड दोर तुटला आणि तो ज्ञानूला लागला. मी पाचव्या मजल्यावरच्या त्या दारात आलो तेव्हा तेरावं उरकलं होतं.

दार पुतळानंच उघडलं. पोस्टमननं पाकीट हातात दिलं. तिला अक्षर येत नसलं, तरी तिचं नाव ज्ञानू कसं काढतो ते तिला पाठ होतं. ती बराच वेळ दारातच उभी राहिली. भाविकानं पाकीट पाहिलं आणि ती ओक्साबोक्शी रडली. मग म्हणाली, "मम्मी, उघडू?"

"नको," पुतळा म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

ते पाकीट दोन वर्षं बंद राहिलं, मित्रांनो. भाविकानं दोनतीनदा विचारून पाहिलं, मग विचारणं सोडलं. पुतळा कारण सांगायची नाही.

पण तिनं आम्हांला जपलं मात्र असं की पोथीसुद्धा कुणी जपणार नाही. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात आधी सोडे ठेवलेले असायचे, त्यामुळे पहिले काही महिने आमच्या अंगाला सुक्या कोळंबीचा वास. चालतंय! डबा घासून, दोन दिवस वाळवून, आत जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घालून तिनं आम्हांला त्यात आडवं निजवलं होतं. डबा कपाटावर, न्हाणीघराच्या भिंतीपासून लांब. पावसाळा सरला की ती आम्हांला बाहेर काढायची आणि सावलीत वारा द्यायची. उन्हात नाही. "ऊन लागला का रंग जातो," म्हणायची. मासळी सुकवणाऱ्या बाईला दमट हवा काय करते हे कुणी शिकवायला लागत नाही. माझ्यावर बोट ठेवून म्हणायची, "यो बांगडा नाय. बांगड्याच्या भावकीतला असंल." त्या वेळी ती थोडी हसायची, म्हणून मला माझा मासा फार आवडायचा.

आता येतो तो माणूस. नाव नंदकिशोर, राहणार त्याच इमारतीत सातवा मजला. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयातून निवृत्त. चाळीस वर्षं तिकिटं जमवतोय. चौदा अल्बम, दोन भिंगं, एक खास चिमटा. सोसायटीत सगळे त्याला काका म्हणतात आणि तिकिटांच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. माणूस वाईट नाही, हेही सांगून टाकतो. ज्ञानू गेला तेव्हा विमानतळावर, कचेऱ्यांत, कागदपत्रांसाठी हाच भाविकाबरोबर वणवण फिरला होता. म्हणून तर भाविकानं त्याच्यावर विश्वास ठेवला. आणि म्हणून तर माझा राग जास्त आहे. वाईट माणसाला डबा कुणी दिलाच नसता.

सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन भरणार होतं. काकांनी भाविकाला लिफ्टमध्ये गाठलं. "तुझ्या भावाची पाकिटं आहेत ना? आपण त्याचा एक वेगळा विभाग करू. त्याच्या नावानं." भाविकाचे डोळे भरून आले. तिला वाटलं, मम्मी हॉलमध्ये येईल, दादाचं नाव पाहील, तिला बरं वाटेल. पुतळा तेव्हा भाच्याच्या हळदीला मोऱ्याला गेली होती, रविवारी दुपारी यायची होती. शनिवारी भाविका डबा घेऊन सातव्या मजल्यावर गेली.

"काका, पाकिटं जशीच्या तशी परत पायजेत हां. आणि हे खालचं बंद आहे, ते उघडायचं नाही. मम्मी उघडू देत नाय."

"टेन्शन घेऊ नकोस," काका म्हणाले. "चाळीस वर्षं हेच करतोय मी."

चाळीस वर्षं! मला आता हे दोन शब्द ऐकले की अंगाची आग होते.

रविवारी सकाळी काकांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली. परातीत कोमट पाणी घेतलं. कात्री काढली. तेवढ्यात त्यांची बायको, वैजयंतीबाई, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, ती जशीच्या तशी म्हणाली होती ना?"

"पाकिटं परत देणारच आहे. फक्त तिकिटं काढतोय. पाकिटासकट तिकीट कोण ठेवतं? पसारा नुसता! त्या माउलीला असा देखणा अल्बम करून देतो की बघत राहील."

"पण आपला शौनक सांगत होता, हल्लीची बाहेरदेशची तिकिटं पाण्यात सुटत नाहीत म्हणून. वर ठेवतात म्हणे तशीच, पाकिटावर."

"शौनकला काय कळतंय? त्यानं जन्मात एक तरी तिकीट भिजवलंय?"

झालं! वैजयंतीबाई पुन्हा भाजी निवडू लागल्या. मला ओरडावंसं वाटलं, अहो शहाणे, तुमचा नातू बरोबर सांगतोय! पण तिकिटाला तोंड कुठलं?

पहिल्या सहा पाकिटांचे कोपरे त्यांनी कात्रीनं कचाकच कापले आणि ते तुकडे पाण्यात सोडले. दुर्दैव बघा, पहिलंच तिकीट अलगद सुटलं. ते एकटं जुन्या डिंकाचं होतं. "बघ!" काका बायकोला म्हणाले. तिथं त्यांची छाती फुगली आणि आमचा घात झाला. बाकीची पाच काही केल्या सुटेनात. अर्धा तास गेला, तास गेला. पाणी बदललं, अजून गरम केलं. मग नख लावलं. एकाचा चेहरा सोलून निघाला आणि पाठ तशीच कागदाला राहिली. एक मधोमध फाटलं. तिघं कशीबशी निघाली, पण पाठीचा गोंद तसाच चिकट, त्यामुळे वर्तमानपत्रावर वाळत घातली ती राशिभविष्याला कायमची चिकटली. अजूनही काका थांबले नाहीत. थांबणं म्हणजे बायकोपुढे हार मानणं, आणि ते चाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

मग त्यांनी मला उचललं. कोपरा कापला तर बंद पाकीट उघडं पडेल, म्हणून कात्री लावायची नाही असं त्यांनी ठरवलं. पाकीट उघडायचं नाही असा भाविकाला शब्द दिलाय. वा रे शब्द! त्यांनी एक खोलगट वाडगा घेतला, त्यात गरम पाणी ओतलं आणि फक्त माझा कोपरा बुडेल असं पाकीट तिरकं टेकवलं. वर आधाराला एक छोटी वाटी ठेवली. "ह्याला मुरू दे जरा," म्हणाले. लोणचं घालत होते जणू!

तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. प्रदर्शनात टेबलं किती, पडदा कुठं, पाहुणे कोण. काका बोलत बोलत गॅलरीत गेले. वाटी सरकली. पाकीट सरकलं. आणि मी, ज्ञानूचं अक्षर, आत जे काही होतं ते सगळं, सावकाश पाण्यात गेलं.

मी घट्ट बसलो होतो, मित्रांनो. मी तसूभर सुटलो नाही. पण माझ्या सुटण्या न सुटण्यानं काय होणार होतं? वाडग्यातलं पाणी निळं झालं. आधी फिकट, मग चांगलंच निळं. गॅलरीत काका हसत हसत सांगत होते की पाहुण्यांना गुलाबाचं फूल पुरे, श्रीफळ नको.

वैजयंतीबाई भाजी धुवायला उठल्या आणि किंचाळल्या. त्यांनी हात घालून आम्हांला बाहेर काढलं आणि कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवलं. काका धावत आले. "अगं, वाळेल, वाळेल," म्हणत त्यांनी घाईघाईनं माझ्या कोपऱ्यावर नख लावलं. अजूनही तिकीटच! तेव्हा माझा उजवा कोपरा गेला. वैजयंतीबाईंनी त्यांचा हात झटकून टाकला. लग्नानंतर पहिल्यांदाच झटकला असावा, कारण काका नुसते बघतच राहिले.

आणि दाराची बेल वाजली.

पुतळा हळदीहून आली होती. अंगावर नवं लुगडं, हाताला हळद. कपाटावर डबा दिसला नाही म्हणून भाविकाला विचारलं आणि तशीच दोन मजले जिना चढून आली. मागे धापा टाकत भाविका. पुतळानं टेबल पाहिलं. सहा पाकिटांचे कापलेले कोपरे पाहिले. मग तिला मी दिसलो. तिनं पाकीट हातात घेतलं, नावावरून अंगठा फिरवला. नाव नव्हतं. निळा डाग होता.

"काका, तुम्हांला सांगितलं होतं ना मी!" भाविका रडत म्हणाली. "जशीच्या तशी म्हणून!"

"भाविका, अपघात झाला गं... मी उघडलं नाही बघ, शब्द पाळला... आणि तिकीट शाबूत आहे, फक्त कोपरा..."

"तिकीट?" पुतळा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "तिकिटाला मी काय करू? चित्र त्या सरकारचा हाय. नाव माज्या पोऱ्यानं लिवला व्हता."

तिनं अंगठ्याला लागलेली निळी शाई पाहिली.

"दोन वर्सा मी ह्यो बंद ठेवला. पोर बोलते, उघड, उघड. मी नाय बोलली. उघडला नाय तवर माज्या ज्ञानूचा एक बोलना बाकी व्हता. समदा संपला, पन एक बाकी व्हता. मना पायजे तवा मी ऐकनार व्हती. मना पायजे तवा! तुमी कोन मंग?"

काका खुर्चीवर बसले. वैजयंतीबाई हळूच म्हणाल्या, "पुतळाबाई, आतला कागद ओला आहे. आता नाही उघडला, तर तसाच चिकटून बसेल."

म्हणून पुतळानं ते उघडलं. मनाविरुद्ध उघडलं. मासळी साफ करणारा तिचा अंगठा पाकिटाच्या कडेतून असा हलका गेला, की कागद कुठं फाटला नाही. आत चार घड्या घातलेला एकच कागद. तिनं तो टेबलावर पसरला. वरपासून खालपर्यंत निळा. ओळी कुठं होत्या एवढंच कळत होतं.

तिनं तो काकांच्या पुढ्यात सरकवला.

"वाचा."

"पुतळाबाई..."

"वाचा ना. मना येत नाय वाचाया. तुमी सायेब व्हते, एवढी बुकं हायत तुमच्या घरात. वाचा."

काकांनी भिंग घेतलं. भाविका तोंडावर ओढणी धरून उभी होती. काकांनी कागद खिडकीकडे धरला, उलटा केला, परत सुलटा केला. मग त्यांनी काय केलं असेल? त्या माणसानं घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. "प्रिय आई... मी इथे... सुखरूप आहे. तू... तब्येतीची काळजी..."

पुतळानं त्यांच्या हातातून कागद काढून घेतला.

"माजा ज्ञानू मना कंदी आई बोलला नाय," ती म्हणाली. "बय बोलायचा. वाचता येत नाय तर येत नाय बोला. माज्या पोऱ्याच्या तोंडात तुमचा बोलना घालू नका."

काका ढसाढसा रडले. रडू देत. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू? पुतळानं ओला कागद पदरावर घेतला, पाकीट घेतलं, सहा कापलेली पाकिटं डब्यात घातली आणि ती घरी आली. प्रदर्शनाच्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये काकांचं टेबल रिकामं होतं म्हणे. नंतर ते दोनदा पाचव्या मजल्यावर आले. एकदा दार उघडलंच नाही. दुसऱ्यांदा उघडलं, आणि पुतळानं त्यांना पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. तिनं त्यांना माफ केलं की नाही, ते तिला ठाऊक. मी केलेलं नाही.

माझं काम काय होतं? पत्र ज्याचं त्याला पोचवणं. त्याचेच पैसे भरून मला डकवलेलं असतं. बर्फातून, समुद्रावरून, तीन देशांच्या पोत्यांतून मी ज्ञानूचं बोलणं सव्वीस दिवस अंगाखाली धरून आणलं, ते एका घरातून दुसऱ्या घरात, दोन मजल्यांत गेलं. आणि ज्याच्यापायी गेलं तो मी मात्र जवळजवळ धडधाकट आहे. ह्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

तेव्हा मित्रांनो, तिकिटं जमवत असाल तर जमवा, छंद चांगला आहे. पण हल्लीची चिकट पाठीची तिकिटं पाण्यात घालू नका. वाफ देऊ नका, नखानं उकरू नका. पाकिटासकट ठेवा. अगदीच जागा नसेल, तर चारी बाजूंनी बोटभर कागद सोडून कापा आणि तसाच तुकडा ठेवा. वरून सेलोटेप लावू नका, वास मारणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, कोरड्या जागी ठेवा आणि ऊन दाखवू नका. माहीत नसेल तर विचारा, आणि समोरचा वयानं लहान असला तरी त्याचं ऐका. आणि हे सगळं करायच्या आधी, कात्रीला हात लावायच्याही आधी, पाकिटावर नाव कुणाचं आहे ते वाचा. त्या माणसाला जाऊन विचारा. त्याच्या मुलीला नाही, शेजाऱ्याला नाही, त्यालाच. तो नको म्हणाला तर नको.